मिशी तीस दिवस कामाला

परवा, मी ज्या मालिकेत मामाचं काम करतो तिच्या मेकअप रूममध्ये, तेवीस वर्षांच्या एका पोराने कंपासपेटीतली पट्टी माझ्या वरच्या ओठाला लावली आणि डॉक्टर रिपोर्ट सांगतात त्या आवाजात सांगितलं, "सर, डावीकडे चार मिलिमीटर गेलीये."

गेली होती, नाही कुठे म्हणतोय? "फक्त कल्ले" असं दोनदा बजावूनही केस कापणाऱ्याने जाता जाता उपकार म्हणून मिशीवरून ट्रिमर फिरवला, तोही गार्ड न लावता. आणि करारात तर ते कलम आहेच: निर्मात्याच्या लेखी परवानगीशिवाय कलाकाराने केस, दाढी, मिशी, वजन किंवा एकंदर बाह्यरूपात कोणताही बदल करू नये. सही करताना आपण दोनच गोष्टी वाचतो. परडे, म्हणजे दिवसाचे पैसे, किती आणि चेक किती दिवसांनी. (नव्वद.)

हा पोरगा म्हणजे कंटिन्युटी, आधीच्या शॉटशी पुढचा जुळतो का ते बघणारा. मोठ्या सेटवर त्याच्यासोबत अजून एकजण असतो, आमच्याकडे तो एकटाच. त्याच्या फोनमध्ये प्रत्येक पात्राचे प्रत्येक सीनचे चार फोटो असतात. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पाठमोरा. घड्याळ कुठल्या हातात, शर्टाची किती बटणं उघडी, ग्लासात पाणी कुठपर्यंत, हे सगळं त्याला तोंडपाठ. स्वतःचा चार्जर मात्र रोज हरवतो.

"सीन चौदाचा पहिला भाग मंगळवारी झालाय," तो म्हणाला. "तुम्ही दारातून आत आलात. आज सोफ्यावर बसायचंय. दारात मिशी पूर्ण आहे."

"दारापासून सोफा किती पावलं?"

"सहा."

"मग? मामा तणावात आहेत. भाचीचं लग्न मोडलंय. सहा पावलांत माणूस खचतो."

"सर, लोक स्क्रीनशॉट काढतात."

मी म्हटलं, मग उजवीकडचीही चार मिलिमीटर कापू, निदान सारखी दिसेल. तो घाबरून मागे सरकला. "नको, नको! आता निदान उजवी प्रोफाइल वाचलीये!" आणि त्याने ईपीला, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला, फोन लावला. मला ऐकू येत होतं ते असं: "सर, मामांची मिशी... नाही, पूर्ण नाही. डावी. त्यांची डावी, कॅमेऱ्याची उजवी. हो, बसलेत ना समोर. नाही, सॉरी नाही म्हणाले."

फोन ठेवून त्याने हिशेब मांडला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे रोज एक तृतीयांश मिलिमीटर. चार मिलिमीटरला बारा दिवस. "बारा दिवस आपण तुम्हाला उजवीकडूनच घेऊ," तो आनंदाने म्हणाला. मग त्याचा चेहरा पडला. "पण सोफ्यावर बसलात की डावाच गाल येतो."

"सोफा फिरव."

"सोफ्याची कंटिन्युटी आहे, सर."

"म्हणजे सोफ्याच्या करारातही ते कलम आहे?"

"सोफा भाड्याचा आहे. महिन्याचं भाडं जातं त्याचं."

इथे मी हसलो, मेकअपदादाही हसला, आणि मग माझ्या लक्षात आलं की यात हसण्यासारखं काही नाही. पण ते नंतर.

आधी त्या पोराची बाजू. मालिका कथेच्या क्रमाने शूट होत नाही, जागेच्या क्रमाने होते. दिवाणखान्यात एकदा लाइट लागले की तीन-चार भागांतले दिवाणखान्याचे सगळे सीन उरकून घेतात, मग स्वयंपाकघर, मग अंगण. ज्याच्या डेट्स नाहीत त्याचे क्लोज-अप वेगळ्या दिवशी. त्यामुळे पडद्यावरच्या दोन मिनिटांत मंगळवार, शुक्रवार आणि पुढचा सोमवार हे तिन्ही वार शेजारी शेजारी बसलेले असतात. मध्ये कोणी केस कापले, उन्हात क्रिकेट खेळून काळं पडलं किंवा गावच्या जत्रेला जाऊन चार किलो चढवून आलं, की एकच पात्र सीनभर जाडबारीक होत राहतं. वजनाचा बंदोबस्त ड्रेसदादा करतात. ब्लाउज शिवतानाच आत दीड-दोन इंचाचं कापड दाबून ठेवतात आणि काही न बोलता उसवून देतात. टॅटूचाही उपाय आहे. निळसर-काळ्या शाईवर आधी नारिंगी-लालसर करेक्टर, त्यावर त्वचेच्या रंगाचं जाड क्रीम, मग पावडर. थेट क्रीम फासलं तर खालून राखाडी झाक येते आणि टॅटूच्या जागी मार बसल्यासारखं दिसतं. एवढं करून घाम आला की कॉलरला जातं ते वेगळंच.

मिशीला मात्र चिकटवण्यावाचून इलाज नाही. दादाने आधी ओठावरची जागा स्पिरिटने पुसली, कारण तेलकट कातडीवर गम धरत नाही. मग स्पिरिट गमचा पातळ हात. तो लगेच चिकटवायचा नसतो, बोटाला तार सुटेपर्यंत थांबायचं. ओलसर असताना केस लावले तर ते आत बुडतात आणि गम चकाकतो. मग क्रेपचे खोटे केस कात्रीने बारीक कापून खालून वर, थरावर थर, ओल्या फडक्याने दाबत. रंगही एक चालत नाही. माझ्या मिशीत काळा, तपकिरी आणि पांढरा असे तीन रंग आहेत (तिसरा या मालिकेतच आला), म्हणून तीन पुड्या मिसळल्या. नायलॉनचे केस लाइटखाली चमकतात आणि मिशी डोअरमॅटसारखी दिसते. लोकरीच्या क्रेपचं तसं होत नाही. पंचवीस मिनिटं गेली. चार मिलिमीटरसाठी! त्यानंतर वरचा ओठ हलवायचा नाही, हसायचं नाही, गरम काही प्यायचं नाही, कारण वाफेने कडा सुटतात. आणि सीन काय, तर मामा चहा पितात.

मिशीचं हे दुखणं आपल्याकडे सिनेमाइतकंच जुनं आहे. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच्या आधी दादासाहेब फाळक्यांना बायकांच्या कामाला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात स्वयंपाक करणारे साळुंके तारामती झाले. पण बायका झालेले पुरुष मिशी उतरवायला तयार होईनात, कारण मिशी काढायची ती बाप गेल्यावर. फाळक्यांना समजूत काढावी लागली. तेच साळुंके १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही झाले. त्या सेटवर पट्टी घेऊन कोण उभं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तिकडे हॉलिवूडमध्ये २०१७ साली उलटा घोळ झाला. सुपरमॅन करणाऱ्या हेन्री कॅव्हिलने दुसऱ्या सिनेमासाठी मिशी ठेवलेली आणि 'जस्टिस लीग'चं पुन्हा शूटिंग निघालं. मिशीवाला स्टुडिओ म्हणाला, काढायची नाही. मग सुपरमॅनची मिशी कॉम्प्युटरवर पुसली आणि सगळ्या जगाने त्याच्या ओठाकडेच बघितलं. दोन कंपन्या एका माणसाच्या ओठावरून भांडल्या, आणि ओठ ज्याचा त्याने काय करायचं? गप्प बसायचं.

पुरुषांचं एवढ्यावर निभावतं. बायकांच्या करारात या कलमाला शेपट्या असतात. भुवयांचा आकार, केसांची लांबी, नखं. आणि मेंदी. सख्ख्या बहिणीच्या लग्नात मेंदी लावायची नाही, कारण ती दहा-पंधरा दिवस उतरत नाही आणि मालिकेत तिच्या पात्राचा नवरा बेपत्ता असतो. मालिकेतलं लग्न मात्र तीन आठवडे चालतं. तेव्हा खरी मेंदी फिकी पडत जाते, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फोटो बघून तीच नक्षी पुन्हा गिरवायची. कोयरी इकडची तिकडे झाली की पट्टीवाला हजर.

पोटाचं कलम सगळ्यांत वाईट. हंटर टायलो या अभिनेत्रीला १९९६ मध्ये 'मेलरोज प्लेस' या अमेरिकन मालिकेतून काढलं, कारण ती गरोदर राहिली. निर्मात्यांनी बोट ठेवलं ते बाह्यरूपात मोठा बदल झाला तर काढता येईल, या कलमावर. ती कोर्टात गेली आणि १९९७ मध्ये ज्युरीने तिला ४९ लाख डॉलरच्या आसपास भरपाई दिली. आमच्याकडे नायिकेच्या पोटापुढे आधी पूजेचं ताट येतं, मग उशी, मग घड्या घालायचे कपडे, आणि मग पात्र अचानक माहेरी जातं. कोर्टात कोणी जात नाही. तिथली तारीख आणि इथला कॉलटाइम एकाच दिवशी आला तर?

आता तो सोफा.

मला महिन्यात बारा दिवस बोलावतात. पैसे बारा दिवसांचे. उरलेले अठरा दिवस मी घरी असतो, पण मिशी ड्युटीवर असते. त्या अठरा दिवसांत गुळगुळीत दाढीची एका दिवसाची जाहिरात आली, तर लेखी परवानगी मागायची. परवानगीला उत्तर येतं "चॅनलला विचारून सांगतो", आणि तोवर जाहिरात शूट होऊन टीव्हीवर दिसायला लागते. बरं, ट्रॅक बदलला आणि मामांना काशीला धाडलं, तर मिशी सांभाळल्याचं काही मिळतं का? नाव नको. त्यांनी केव्हाही लूक बदलावा, टक्कल करायला लावावं, ते "पात्राची गरज". मी चार मिलिमीटर हलवले तर करारभंग. सोफा एका जागी पडून राहतो त्याचे तीस दिवसांचे पैसे मोजून देतात. मी ओठावर तेच करतो. परडेच्या वर थोडं मिशीभाडं मागावं म्हणून मी एकदा ईपीकडे विषय काढला होता. तो इतका मनापासून हसला की मीही विनोदच केला होता असं दाखवलं.

परवाचा सीन झाला. पाचव्या टेकला चहाच्या वाफेने डावी कड सुटली आणि कपात पडली. पोरगा धावत आला आणि त्याने आधी कपाचा फोटो काढला, चहा कुठपर्यंत होता ते बघायला. मग कपात थंड पाणी भरून सीन पुरा केला.

पॅकअपनंतर दादा कापसाला रिमूव्हर लावून माझ्या ओठावरचा गम सोडवत होता. जोरात ओढलं तर स्वतःचे उरलेले केस घेऊन येतो, म्हणून हळूहळू. समोर दोन सेटिंगवाले सोफ्यावर प्लास्टिकचं कव्हर चढवत होते, चारही कोपरे नीट आत खोचून. पोरगा दारातून डोकावला.

"सर, उद्या तुमचा कॉल नाही. पण सकाळी मिशीचा फोटो पाठवाल? डावीकडून. पट्टी लावून."