पुन्हा ६४४!

सर्व्हरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फायली गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, ठेवल्या. शहाणपणाच केला म्हणे! पासवर्डवाली फाइल ६४० (मालक वाचतो-लिहितो, ग्रुप फक्त वाचतो, बाकी कोणी नाही), ग्रुप सर्व्हिसचा, सगळं नीट लावलेलं. एक गिट पुल मारला (नवे बदल खेचले) आणि फाइल ६४४ (वाचायला सगळ्यांना मोकळी), मालक रूट (सर्वाधिकारी युजर). म्हणजे सर्व्हरवरच्या सोम्यागोम्यानेही वाचावी.

गिटला फक्त एवढंच कळतं की फाइल एक्झिक्युटेबल (प्रोग्रामसारखी चालवता येणारी) आहे की नाही. ६४४ किंवा ७५५, बाकी सगळं उमास्क (नव्या फायलींच्या परवानग्या छाटणारं सेटिंग) जाणे. मालक, ग्रुप? त्याच्या गावीच नाही. बदललेली फाइल तो नव्याने लिहितो, म्हणून ज्याने कमांड मारली तो मालक!

"अरे, हुक (गिट ठरावीक वेळी आपोआप चालवतो ती स्क्रिप्ट) लाव की." लावला, बाबांनो! प्री-कमिटमध्ये परवानग्यांची यादी एका फायलीत लिहायची, पोस्ट-चेकआउट आणि पोस्ट-मर्जमध्ये ती वाचून चाऊन (मालक बदल), चमोड (परवानग्या बदल). पण क्लोन केल्यावर (दुसऱ्या मशीनवर प्रत घेतल्यावर) हुक येतच नाहीत, प्रत्येक मशीनवर हाताने बसवा. हुकचाच एक्झिक्युट बिट गेला तर तो चालत नाही (हसू की रडू?). चाऊनला रूट लागतो. आणि कोणी रिसेट हार्ड मारला (फायली जबरदस्तीने जुन्या नोंदीवर नेल्या), की पोस्ट-चेकआउट ढिम्म हलत नाही. चालला तरी चेकआउटनंतरच. तोवर फाइल उघडीच.

एटसीकीपर नावाचं टूल परवानग्या असंच टिपून ठेवतं, मान्य. पण ते मुळात स्लॅश एटसी या सिस्टिम-सेटिंगच्या फोल्डरसाठी. माझी फाइल स्लॅश ऑप्ट या वेगळ्या फोल्डरमध्ये.

काल रात्री परत ६४४. चमोड ६४०. झोपलो.