पंचवटीकर ताईंच्या प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

पंचवटीकर ताई,

(सासर-माहेर दोन्ही पंचवटीतलं असं लिहिलंत, म्हणून ताई म्हणतो.) तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री तावातावाने उत्तर खरडलं होतं. पाठवलं नाही ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी वाचलं तर त्यात माझा राग तेवढा दिसत होता, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की मराठी शिकणाऱ्यांच्या ऑनलाइन गटांत प्रत्येकाच्या नावापुढे त्याची मातृभाषा आणि त्याला कोणती भाषा कितपत येते हे सांगणारी पट्टी सक्तीने दिसली पाहिजे. त्यावर ताई म्हणतात, हा नवा जातीचा दाखला झाला. त्यांच्या घरी गुजराती बोलतात. पणजोबांपासून भांडी बाजारात दुकान, शाळा मराठी, गिऱ्हाइकाशी हुज्जत मराठीत. पण नावापुढे ‘गुजराती’ लागलं की त्यांचं उत्तर खाली जाणार, आणि ज्याला ‘एकोणसत्तर’ म्हणजे साठच्या घरातले की सत्तरच्या हे विचारावं लागतं त्याचं वर, कारण त्याच्या पट्टीवर ‘मराठी’. शिवाय पातळी ज्याची त्यानेच ठरवायची, मग तिची किंमत काय? शेवटचा टोला असा: “मोल्सवर्थच्या नावापुढे ‘इंग्रजी’ लिहून त्याचा कोशही खाली ढकलणार का?”

मोल्सवर्थपासूनच सुरुवात करतो, कारण तो तुम्ही माझ्यावर फेकलात आणि मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. आपण आजही तो उघडतो. साहेबाची मातृभाषा इंग्रजी होती म्हणून कोणी तो बाजूला ठेवला नाही, इथवर तुमचं बरोबर. पण ते शब्द त्याने गोळा केले ते ब्राह्मण पंडितांच्या मदतीने. हे माहीत असलं की कोश वाचायची नजर बदलते. एखादा शब्द त्यात सापडला नाही तर तो मराठीत नाहीच असं आपण म्हणत नाही. त्या पंडितांच्या बोलण्यात नसेल, असं म्हणतो. मला पट्टी हवी आहे ती एवढ्यासाठीच. हे कोणाच्या तोंडचं मराठी आहे, हे कळावं म्हणून.

आता आपल्या गटातला तो किस्सा, ज्यात तुम्हीही होतात. नाशकात अंबडला कामाला आलेल्या एका तमिळ गृहस्थांनी विचारलं होतं: घरमालकीणबाई रोज “चहा पिला का?” म्हणतात, पुस्तकात मात्र ‘प्यायला’ आहे, बरोबर कोणतं? उत्तरांची झुंबड उडाली. एकाने ठणकावलं, ‘पिला’ हे गावंढळ, चूकच. दुसऱ्याने व्याकरणाचा नियम लिहिला. तिसरा म्हणाला, आमच्याकडे सगळे ‘पिला’च म्हणतात, पण ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे ते नाही लिहिलं. सगळ्यात खाली तुमचं उत्तर होतं: नाशकात दोन्ही ऐकू येतं, अर्जात किंवा परीक्षेत ‘प्यायला’ लिहा, बाईंना ‘पिला’ असंच उत्तर द्या, त्यांना बरं वाटेल. अख्ख्या चर्चेत तेवढंच उत्तर कामाचं होतं. त्या गृहस्थांनी उचललं पहिलं. घरी जाऊन त्यांनी मालकीणबाईंना ‘प्यायला म्हणा’ असं सांगितलं. पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखा. भाडं वाढलं नाही एवढंच.

म्हणून माझा प्रतिप्रश्न असा आहे. तेव्हा तर कोणाच्याच नावापुढे पट्टी नव्हती, तरीही तुमचं उत्तर खालीच राहिलं. कारण पट्टी नसली की आपले लोक दुसरं काहीतरी वाचतात. आडनाव वाचतात. आडनाव ओळखीचं नसलं तर उत्तरातला आत्मविश्वास वाचतात, आणि आत्मविश्वास बहुतेक वेळा शुद्धलेखनावर पोसलेल्यांकडेच असतो. तुमचं टोपणनाव ‘पंचवटीकर’, म्हणजे आडनावावरूनही काही कळायची सोय नाही. समजा तिथे लिहिलेलं असतं: ‘घरी गुजराती, मराठी नाशिक शहराचं, चार पिढ्या’. तर हे उत्तर नाशकातल्या तोंडचं आहे हे त्या गृहस्थांना कळलं असतं, आणि त्यांची घरमालकीण नाशकातलीच.

मात्र ‘मातृभाषा’ या एका शब्दाबद्दल तुम्ही मला पकडलंत, आणि तिथे मी हरलो. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलायची ती भाषा. माझी आई सटाण्याकडची. ती माझ्याशी अहिराणीत बोलायची, “कथा चालना?” (कुठे चाललास?) म्हणून हाक मारायची. वडील नाशिक शहरातले. शाळेत घातल्यावर आईनेच हळूहळू अहिराणी बंद केली, पोराला हसतील म्हणून. म्हणजे जनगणनेच्या हिशेबाने माझी मातृभाषा अहिराणी. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली, जिच्यात अहिराणी धरतात, साडेअठरा लाखांहून जास्त लोक नोंदले गेले. मी त्यांत नाही. आणि आपल्या गटातली माझी स्वतःची पट्टी काय म्हणते? ‘मातृभाषा: मराठी’. सक्ती करा म्हणून सांगणारा मीच खोटं लिहून बसलो होतो, तेही न कळत. लाज वाटली.

सुरगाण्याकडच्या एका मुलाचंही तुम्ही लिहिलंत. त्याने प्रामाणिकपणे ‘कोकणा’ लिहिलं, तर दोघांनी त्याला गोव्याच्या कोकणीची व्याकरणं पाठवली. आपल्याच जिल्ह्यातली, सुरगाणा-पेठेतल्या आदिवासींची भाषा, आणि नाशिककरांना पत्ता नाही! इथे पट्टीचा काय दोष, पण पट्टी वाचणाऱ्यांची अक्कल धरूनच ती आखावी लागते, हे खरं.

एक गोष्ट मात्र अजूनही सोडत नाही. उत्तर देणाऱ्याचं राहू द्या, प्रश्न विचारणाऱ्याची घरची भाषा कळणं फार कामाचं असतं, आणि ही बाजू तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. हिंदीवाला ‘माझी पुस्तक’ म्हणतो, कारण त्याच्याकडे नपुंसकलिंग नाही आणि ‘किताब’ स्त्रीलिंगी. ‘मीने आंबा खाल्ला’ म्हणतो, कारण त्याच्याकडे ‘मैंने’ आहे. आपल्याकडे ‘त्याने’ चालतं, ‘मीने’ नाही, हे त्याला सांगावं लागतं. तुमच्या घरच्या गुजरातीत तिन्ही लिंगं आहेत, ‘ळ’ही आहे, तेव्हा गुजराती माणसाला हे धडे देत बसणं म्हणजे त्याचा वेळ खाणं. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला फरक हिंदीवाल्याला समजावताना माझी दमछाक होते, त्याच्याकडे दोन्हीला ‘हम’. गुजरातीत ‘आपणे’ आणि ‘अमे’ आहेत, आणि तमिळमध्येही ऐकणाऱ्याला धरून एक ‘आपण’ व त्याला वगळून एक वेगळा ‘आम्ही’ आहे. त्या तमिळ गृहस्थांना कोणीतरी हे हिंदीतून पंधरा ओळींत समजावलं होतं! घरची भाषा दिसली असती तर एका ओळीत काम झालं असतं: तुमच्याकडे आहे तसंच. आणि ती ओळ लिहायला तमिळ येणारा, मराठी शिकून झालेला माणूस लागतो. तो ‘मराठी मातृभाषा’वाल्यांत सापडणार नाही. ‘चाक’मधला च आणि ‘चहा’मधला च वेगळे, हे तर आपल्यापैकी अनेकांना कोणी विचारेपर्यंत जाणवलेलंही नसतं. मीही त्यातलाच.

पातळीचं म्हणाल तर मी जवळजवळ तुमच्या बाजूला आलोय. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपच्या चर्चापानांवर, २०२२ साली ती बंद होईपर्यंत, नावापुढे झेंडा आणि आकडा दिसायचा, जास्तीत जास्त २५. तो आकडा किती धडे घोटून गुण साठवले त्याचा. पंचविशी गाठलेला माणूस दोन वाक्यं बोलताना अडखळायचा. स्वतः ठरवलेल्या पातळीचीही तीच गत. आपल्याकडे उत्तम बोलणारा “तोडकंमोडकं येतं” म्हणतो, आणि ‘कसं काय’ शिकलेला ‘अस्खलित’ लिहून मोकळा होतो. काउन्सिल ऑफ युरोपने २००१ साली ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या केल्या, त्यांचा कणा मात्र चांगला आहे: माणसाला काय करता येतं यावर पायरी ठरते. पुढे त्यांनी पायऱ्यांच्या वर्णनांतून ‘मातृभाषक’ हा उल्लेखच काढून टाकला. मराठीत असं करायला कोणी आपल्याला अडवलंय? ‘गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात घासाघीस जमते, बँकेचा अर्ज लिहिता येत नाही, देवनागरी सावकाश वाचतो.’ याच्यापुढे बी१ची काय गरज?

तुमचा जो मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकलात, त्यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. मालेगावच्या माणसाने ‘उर्दू’ लिहिलं की लोक त्यातून भाषेपलीकडचं बरंच काही वाचतात. कोण कुठली भाषा बोलतो यावरून सध्या रस्त्यावर जे चालतं ते पाहता, सक्तीने कोणाला तसं उघडं पाडायचा मला अधिकार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून ‘सक्तीने’ हा शब्द मूळ लेखातून काढला आहे. खोडून, पण दिसेल असा.

वर्डरेफरन्स या शब्दकोशाच्या संकेतस्थळावरच्या चर्चांत मातृभाषा लिहावी लागते, आणि तिथे बरेच जण नुसतं ‘स्पॅनिश’ न लिहिता कुठलं स्पॅनिश तेही लिहितात. आपल्या गटात आता एवढंच ठेवू या: उत्तर देताना ‘माझं मराठी कुठलं’ हे एका ओळीत, ज्याला वाटेल त्याने. घरची भाषा लिहायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

मी माझी ओळ बदलली आहे: ‘मराठी, नाशिक शहराचं. अहिराणी कळते, बोलायला लाजतो.’ आणि ‘पिला’वरचं तुमचं उत्तर चर्चेत सगळ्यात वर लावून ठेवलंय. त्या गृहस्थांना दुवा पाठवला. ते म्हणाले, आता बाईच ‘प्यायला का?’ विचारतात, आणि वर हसतात.