चौदा जणांचा एकच आजोबा

रात्रीचे साडेदहा वाजलेत, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय आणि मी एकाच आजोबांना चौदाव्यांदा भेटतोय. "माझे आजोबा पहाटे उठून गिरणीत जात असत. त्यांच्या हातांवरील सुरकुत्या जणू धाग्यांनी विणलेल्या होत्या." पहिल्यांदा वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मी हललो. वाटलं, पोरीनं काय लिहिलंय! मनातल्या मनात दहापैकी नऊ देऊन मोकळा झालो. मग दुसरी फाइल उघडली. त्याचेही आजोबा पहाटे उठलेले. तिसऱ्याचेही. सुरकुत्या त्याच, धागे तेच. आठव्या फाइलीपर्यंत त्या म्हाताऱ्याची आणि माझी चांगली ओळख झाली होती. अकराव्या फाइलीत एका पठ्ठ्यानं डोकं चालवून आजोबांची आजी केली, पण पुढच्याच ओळीत विसरला. त्यामुळे आजी "धोतर सावरत" गिरणीकडे निघाली.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात सीएचबीवर आहे. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, म्हणजे तासावर पैसे, आणि ते पैसे कधी येणार हे देवालाही ठाऊक नाही. विषय इतिहास. वर्गखोल्या पुरत नाहीत म्हणून ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे ऐच्छिक विषयाचा, आमचा तास रात्री आठला गुगल मीटवर. पटावर ६२. हजर ६२, कारण लिंक दाबली की झाली हजेरी. मी तासभर ६२ काळ्या चौकोनांशी बोलतो. मधेच कुणाचा तरी माइक चुकून चालू राहतो, तेव्हा कळतं वर्ग कुठं कुठं भरलाय. एक सात रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न खातोय. एक गाड्यावर उभा राहून "कांदा जास्त घाल की बे" म्हणतोय. एकाच्या मागं यंत्रमागाचा खडखडाट. त्या यंत्रमागवाल्यावर मी कधी चिडलो नाही. तो पोरगा रात्रपाळी करतो, तरी येतो. माझा राग त्याच्यावर नाही, आणि त्या चौदांत तो नाहीसुद्धा.

आधी मी पण सोपा मार्ग धरला होता. गुगल फॉर्म, वीस प्रश्न, वीस मिनिटं. पहिला पेपर तिसऱ्या मिनिटाला आला, वीसपैकी वीस. तीन मिनिटांत वीस प्रश्न नुसते वाचूनही होत नाहीत हो! त्यानंतर पाच मिनिटांत बाकीचे धडाधड. टेलिग्रामवर ग्रुप आहे, एकानं टाकायचं, बाकीच्यांनी टिकमार्क करायचं. मी मुद्दाम एका प्रश्नाचा पर्याय चुकीचा ठेवला, तर चुकीचं उत्तरही एकजुटीनं आलं. एवढी एकी गणपती मंडळात नसते.

मग म्हटलं, स्वतःच्या शब्दांत लिहा. सोलापुरात मार्शल लॉ का लागला? १९३० सालची गोष्ट. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांच्या पुतळ्यांसमोरून गाडी वळवून ही पोरं रोज कॉलेजात येतात. उत्तरं काय यावीत? निम्म्या पेपरांत १९१९ आणि अमृतसर! एआयच्या मशीननं पंजाबातला मार्शल लॉ उचलून दिला आणि आमच्या पोरांनी तो वाचायची तसदीही न घेता "सोलापूरच्या जालियनवाला बागेत" असं लिहून पाठवला. मला राग चुकीच्या उत्तराचा येत नाही. चुकीचं उत्तर हा तर विद्यार्थ्याचा हक्क आहे. पण पाठवण्याआधी एकदा नजर तरी फिरव की रे!

म्हणून हा आजोबांचा उद्योग. मला वाटलं, इंटरनेटवर नसलेली गोष्ट विचारू. घरातल्या किंवा गल्लीतल्या एका म्हाताऱ्या माणसाशी अर्धा तास बोला, कामाबद्दल विचारा, दोन पानं लिहा. सोलापुरात याहून सोपा प्रश्न असू शकतो का? जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, कुठल्या तरी गिरणीच्या भोंग्यावर उठलेलं माणूस इथं गल्लीगल्लीत सापडतं. पूर्व भागात गेलात तर घरटी कुणी ना कुणी मागावर बसलेलं, नाहीतर मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेलं. उत्तर घरात खाटेवर बसलंय! त्याला फक्त चहा देऊन विचारायचंय.

चौदातल्या एकाला मी फोन केला. पूर्व भागातला पोरगा, घरची भाषा तेलुगू. त्याच्या असाइनमेंटमधले आजोबा मात्र सदाशिव पेठेत जन्मल्यासारखे "बाळा, कष्टाला पर्याय नसतो" म्हणत होते. म्हटलं, आजोबा आहेत का रे? "आहेत की सर. तात इथंच बसल्यात." तात म्हणजे तेलुगूत आजोबा. काय करायचे ते? "चादरी विणायचे सर, चाळीस वर्षं." मग त्यांना का नाही विचारलंस? "सर, ते एकदा सुरू झाले की लै बोलतात."

फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. चाळीस वर्षं चादर विणलेला माणूस हाताच्या अंतरावर, आणि नातू मोबाईलला विचारतोय की आजोबा कसे असतात.

वर्कशॉपमध्ये येणारे साहेब सांगतात, एआयला विरोध करू नका, वापरायला शिकवा. अहो वापरा ना! तातांना बोलू द्या दोन तास, रेकॉर्ड करा, त्या मशीनकडून उतरवून घ्या, तेलुगूचं मराठी करून घ्या, चुका मी तपासतो. मी कुठं नाही म्हणतोय? पण हे करायला आधी तातांसमोर बसावं लागतं, आणि तिथंच सगळं अडतंय.

आमच्या वेळीही कॉपी होती, मी काही संतांच्या वर्गात शिकलो नाही. मायक्रो झेरॉक्स करून बाहीत, मोज्यात, कंपासच्या झाकणात. पण त्या कॉपीबहाद्दराला निदान कुठला प्रश्न कुठल्या मोज्यात हे पाठ असायचं. शिवाय पकडला गेला तर १९८२ चा गैरप्रकाराचा कायदा होता, भरारी पथक होतं, भीती होती. गुगल फॉर्मवर कुठलं पथक भरारी मारणार? ही सवय खरी लागली २०२० मध्ये. ऑगस्टअखेर सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अंतिम वर्षाला परीक्षेशिवाय पदवी नाही, मग घरोघरी मोबाईलवर बहुपर्यायी परीक्षा झाल्या. त्या वेळी इलाज नव्हता, मान्य. पण नंतर कुणी ते दार बंदच केलं नाही. इंजिनिअरिंगला शिकवणारा माझा मित्र सांगतो, एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सला आठवड्याच्या असाइनमेंटचे २५ टक्के आणि केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे ७५. असाइनमेंटची उत्तरं दर आठवड्याला यूट्यूबवर तयार असतात. पोरं २५ पैकी २४ घेऊन केंद्रावर जातात आणि तिथं घाम फुटतो. निदान त्यांना केंद्रावर जावं तरी लागतं.

आणि आमच्याकडे? मी चौदा फाइली घेऊन विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सर, अंतर्गत गुण आहेत, सगळ्यांना सात-आठ देऊन टाका. निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी तुकडी राहील का? तुमचेच तास जातील." हे मात्र अचूक बोलले. एका पालकाला फोन केला तर ते म्हणाले, "सगळेच करतात हो, आमच्याच पोराला का धरताय?"

सगळे करत नाहीत. विडी घरकुलातल्या एका मुलीनं दीड पान हातानं लिहून फोटो पाठवलाय, अंधारात काढलेला, वाकडा. आजी पान आधी भिजवते मग कात्रीनं कापते, हजार विड्या झाल्याशिवाय उठत नाही, कारखान्यात दिल्यावर त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. "आजी म्हणाली हे लिहून तुला काय मिळनार." मिळणारमध्ये 'न' चुकलाय. आता कॉलेजच्या तक्त्यात सादरीकरणाला पाच गुण आहेत: टंकलेखन, मांडणी, शुद्धलेखन. त्यात मशीनच्या आजोबांना पैकीच्या पैकी, आणि हिच्या खऱ्या आजीला दोन. बोला!

मी तिला दहापैकी दहा लिहिलेत. चौदा जणांना शून्य लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. खाली नळाला पाणी आलंय, आज पाचव्या दिवशी. बायको हाका मारतेय, हंडे घेऊन उतरतो. शून्य तसंच आहे अजून.