गृहीतकांचा रकाना

जैवविविधता वाचवायचा प्रकल्प लिहायला बसलाय ना? मग आधी खोलीची खिडकी लावून घ्या. त्र्यंबकरोडवरच्या हॉटेलातून डोंगर दिसतात, आणि डोंगर दिसले की माणूस उगाच विचार करायला लागतो. प्रस्ताव परवा संध्याकाळी पाचपर्यंत जायचाय. विचाराला बजेटमध्ये ओळ नाही.

जागा कुठली घ्यायची, याची चिंता नको. नाशिकमध्ये बसून प्रकल्प लिहिणाऱ्याला देवानं नांदूरमध्यमेश्वर दिलंय. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथं भेटतात तिथला बंधारा, त्यामागचं उथळ पाणी आणि हिवाळ्यात उतरणारे हजारो पक्षी. २०१९ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. परदेशी देणगीदाराला दुसरं काही कळो न कळो, रामसर हा शब्द कळतो. तो पहिल्या पानावर तीनदा यायला हवा.

आता या धंद्यातला मूळ मंत्र सांगतो, कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. दुखणं जिथं दिसतं तिथं प्रकल्प करायचा. जिथून येतं तिथं फिरकायचंसुद्धा नाही. नांदूरमध्यमेश्वरला पाण्यावर पाणवेलीचा, म्हणजे जलपर्णीचा, हिरवा गालिचा दिसतो. ती पोसली जाते वरून येणाऱ्या सांडपाण्यावर. नाशिक शहराचं मैलापाणी, गावांची गटारं, मळ्यांतून वाहून येणारं खत, सगळं गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, मिळतं आणि खाली येऊन संथ होतं. नत्र-स्फुरदाचं असं आयतं ताट मिळालं की पाणवेल पंधरवड्याच्या आत दुप्पट होते. म्हणून काय तुम्ही शहरातल्या मलजल केंद्रावर प्रकल्प लिहिणार? मलजल केंद्राचा फोटो कोण छापणार? तुम्ही पाणवेल काढायचं मशीन लिहा. मशीन पिवळं असतं, पाण्यावर छान दिसतं, नारळ फोडता येतो. पुढच्या वर्षी पाणवेल परत येते, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं समर्थन तीच लिहून देते.

पाणवेलीचं करायचं काय, हा प्रश्न येईल. उत्तर ठरलेलं आहे: बचतगटातल्या महिलांना पाणवेलीच्या देठापासून पर्स आणि टोपल्या विणायचं प्रशिक्षण. चार दिवसांचं. द्राक्षाच्या हंगामात ठेवा. बाया छाटणी-विरळणीला, रोजंदारीवर गेलेल्या असतात, त्यामुळे हजेरीपटावर सह्या कमी पडतात. मग सासवांना बसवा. पर्स विकत कोण घेणार ते लिहायचं नसतं. पहिल्या वर्षी पाहुणे घेतात, दुसऱ्या वर्षी तुमच्याच ऑफिसातल्या कपाटात सापडतात.

गाळाचं प्रकरण मात्र नाजूक आहे, जरा थांबून समजून घ्या. हा बंधारा पक्ष्यांसाठी बांधलेला नाही, शेताला पाणी द्यायला बांधलाय. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला, पाणी उथळ झालं, मध्ये मध्ये बेटं आली, लव्हाळं माजलं, आणि म्हणून पक्षी आले. पाटबंधाऱ्याच्या वहीत जे नुकसान, तेच चमच्या-चित्रबलाकाचं घर. आता साठवण वाढावी म्हणून कुणीतरी गाळ काढायची मागणी करणारच, आणि शेतकऱ्याच्या जागी उभं राहून बघितलं तर ती चूकही नाही. तुम्ही कुणाची बाजू घ्यायची? दोघांची. 'गाळ काढणे' सतराव्या पानावर लिहा, 'पक्षी अधिवास संवर्धन' त्रेचाळिसाव्या पानावर. दोन्ही पानं वाचणारा अधिकारी अजून जन्माला यायचाय.

कुठला जीव पुढे करायचा, तेही बघून घेऊ. देखणा हवा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो आला तर सोनं, नाहीतर जांभळी पाणकोंबडी चालेल, लाल चोच फोटोत खुलते. रामसरच्या नोंदीत या जागेसाठी देवळालीचं नाव लावणारा एक बोटभर मासा आहे, अतिसंकटग्रस्त. म्हणजे अक्षरशः आपला नाशिककर, आणि संपायच्या बेतात. त्याचं नाव कुठं घेऊ नका. तो पाण्याखाली असतो, मळकट असतो, टी-शर्टवर बरा दिसत नाही आणि त्याला वाचवायचं तर ओढ्यातलं पाणी स्वच्छ ठेवावं लागतं. पुन्हा आपण गटारापाशी आलो. अंजनेरीच्या कंदीलपुष्पाचंही तेच. जगाला ते २००६ साली कळलं, त्याच डोंगराचं नाव त्याला दिलं, २०१७ मध्ये तिथं संवर्धन राखीव क्षेत्रही झालं. पण पावसाळ्यात दोन महिने फुलणाऱ्या वीतभर रोपासाठी मंत्री कशाला चढतील?

गिधाडं तर सोडाच. हरसूलकडच्या खोरीपाड्याला गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केलीय, लोक तिला गिधाडांचं हॉटेल म्हणतात. काम सोन्यासारखं, पण उद्घाटनाला वास येतो. शिवाय गिधाडं मेली ती ढोरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं. सरकारनं ते २००६ साली जनावरांसाठी बंद केलं. म्हणजे जंगलातल्या पक्ष्याचं औषध जंगलात नव्हतंच, होतं औषधाच्या दुकानात. असली उदाहरणं प्रस्तावात आली की वाचणाऱ्याला सवय लागते दुखण्याचं मूळ विचारायची. ती लागू देऊ नका.

आता लोकसहभाग. हा शब्द नसेल तर फाइल पुढं सरकत नाही, म्हणून गावात एक सभा घ्यावीच लागते. सकाळी अकराची घ्या, म्हणजे शेतकरी शेतात, मच्छीमार जाळी वाळवून झोपलेला आणि शाळेतली पोरं मोकळी. फोटोत गर्दी दिसते. तरीही एखादा म्हातारा म्हशी सोडून येऊन बसतोच. त्याला आबा म्हणतात. तो मागच्या रांगेतून विचारतो, "साहेब, पक्ष्यांचं ऱ्हाऊ द्या घडीभर. पाणी कोन सोडतंय आन् कधी सोडतंय, ते तुमच्या हातात हाय का?"

घाबरू नका. प्रश्न बरोबर आहे, म्हणूनच त्याचं उत्तर द्यायचं नाही. पक्षी वनविभागाचे, पाणी जलसंपदाचं, आणि पाण्यातली घाण वरच्या शहराची. कालव्यांना आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, गंगापूर-दारणा धरणांतून वरचं पाणी सोडलं की चढतं, खालच्या जायकवाडी धरणाच्या पाण्याचा वाद पेटला की कालव्यांचं सगळं वेळापत्रक फिरतं. बेटावरच्या घरट्याला यातलं कुणी विचारत नाही. आबांना म्हणायचं, "चांगला मुद्दा मांडलात, आम्ही नोंद घेतली." मग चहा.

म्हशीची मात्र खरोखर नोंद घ्या, कारण पुढं कुणीतरी चराईबंदी सुचवणार. सुचवू द्या. या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणायची पद्धत आहे, तर राजस्थानातल्या थोरल्या भरतपूर पक्षी अभयारण्याची गोष्ट ऐकून ठेवा. तिथं १९८२ साली म्हशींना बंदी झाली. गावकरी चिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. म्हशी गेल्या. मग पाण्यातलं गवत कापायला कुणी उरलं नाही, ते माजलं, उघडं पाणी भरून आलं आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून जे निघालं ते आपल्या आबांनी चहाच्या कपात सांगितलं असतं: म्हैस त्या पाण्याची माळीण होती. गोष्ट ऐकलीत ना? आता विसरा. तुमच्या प्रस्तावात म्हैस 'जैविक दबाव' या मथळ्याखाली येते. दबाव हटवला की यश मोजता येतं. म्हैस मोजायला सोपी, गवत मोजायला पाण्यात उतरावं लागतं.

लोकजैवविविधता नोंदवहीही लागेल. गावातल्या झाडा-प्राण्यांची ही नोंद, जैवविविधता कायदा २००२ चा. बरीच वर्षं कुणी लक्ष दिलं नाही, मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्याला महिन्याला दहा लाख भरावे लागतील म्हणून सांगितलं. त्याबरोबर देशभर गावंच्या गावं आपापल्या वनस्पती आठवायला लागली. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान एका हिवाळ्यात गोळा झालं, गतीच म्हणायची. तुमच्या गावाची वही नसेल तर शेजारच्या गावाची घ्या आणि गावाचं नाव बदला. सगळीकडं बदला, एवढीच विनंती. एखाद्या पानावर कोकणातलं गाव राहून गेलं की निफाडच्या पाण्यात खेकड्याऐवजी शिंपले-तिसऱ्या निघतात.

झाडांवर फार वेळ घालवत नाही. महाराष्ट्रानं २०१९ मध्ये तेहेतीस कोटी झाडांचा संकल्प केला होता, त्यापुढं तुमची पाच हजार रोपं म्हणजे किस झाड की पत्ती. पाणथळीच्या काठाला झाडांची गरज आहे का, हे विचारू नका. गिरिपुष्प लावा, शेळी सहसा तोंड लावत नाही, म्हणजे जगतं, म्हणजे टक्केवारी येते. जुन्या झाडांच्या वाटेला जाऊ नका. तपोवनातल्या झाडांवर सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी कुऱ्हाड येणार म्हटल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरात नाशिककर कसे रस्त्यावर उतरले, ते पाहिलंत ना? जुन्या झाडाला माणसं असतात. रोपाला फक्त खड्डा असतो, आणि खड्डा दरवर्षी वापरता येतो.

आता खरी कारागिरी. प्रस्तावाच्या शेवटी एक तक्ता असतो, त्याला लॉगफ्रेम म्हणतात. अमेरिकेच्या मदत संस्थेसाठी १९६९ च्या सुमारास निघाला आणि तिथून गरीब देशांच्या प्रत्येक ऑफिसात शिरला. १९९१ मध्ये पर्यावरणाच्या प्रकल्पांना पैसा देणारी जागतिक पर्यावरण सुविधा आली, १९९२ मध्ये रिओला जैवविविधतेचा करार झाला, तेव्हापासून तर पक्ष्यालाही तक्त्यातूनच उडावं लागतं. उद्दिष्ट, निष्पत्ती, निर्देशक, पडताळणी, आणि अगदी उजवीकडं, अक्षर बारीक करून, गृहीतकं.

बहुतेक नवखे लोक हा शेवटचा रकाना घाईत भरतात. मी सगळ्यात आधी तोच भरतो. जे जे खरं आहे आणि आपल्या हातात नाही, ते सगळं तिथं टाकायचं. 'वरच्या शहरातून प्रक्रिया केलेलेच पाणी सोडले जाईल.' 'विणीच्या काळात पाण्याची पातळी स्थिर राहील.' 'संबंधित विभागांमध्ये समन्वय असेल.' 'पाऊस सरासरीइतका पडेल.' 'सिंहस्थाच्या काळात नदीवर अतिरिक्त ताण येणार नाही.' बघा, सगळी गोदावरी त्या चार बोटांच्या रकान्यात बसली. आता डावीकडं मोकळ्या मनानं लिहा: अठरा माहितीफलक, दोन निरीक्षण मनोरे, चार दुर्बिणी, एक माहितीपट. गृहीतकं खोटी ठरली तर प्रकल्प फसला असं होत नाही, परिस्थिती फसली असं होतं.

एक धोक्याची सूचना द्यायलाच हवी. कधी कधी प्रकल्प चुकून चालतो. जागतिक बँकेच्या पैशातून देशात सात ठिकाणी इको-डेव्हलपमेंटचा, म्हणजे जंगलाकाठच्या लोकांना सोबत घेऊन जंगल राखायचा, प्रकल्प झाला, त्यात केरळातलं पेरियार होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी जंगलातून दालचिनीची साल चोरणाऱ्या लोकांशीच बोलणी केली, खटले मागं घेतले आणि त्यांनाच वाटाडे आणि पहारेकरी केलं. जंगलाचा कोपरान्‌कोपरा त्यांना पाठ होता, कारण चोरी तिथूनच व्हायची. काम बसलं. आता सांगा, ही गोष्ट कुठल्या रकान्यात घालणार? चोराची शैक्षणिक पात्रता काय लिहिणार? शिवाय बोलणी करायला महिनोन्‌महिने गावात जाऊन बसावं लागतं, तेवढ्यात आपले चार प्रस्ताव होतात.

मोजमापाबद्दल एवढंच, की फलक मोजा, पक्षी मोजू नका. मोजावेच लागले तर पहिल्या वर्षी मे महिन्यात मोजा आणि तिसऱ्या वर्षी जानेवारीत. वाढ दिसते. पाहुण्या मूल्यमापकाला आधी मिसळ खायला न्या, दही-पापडासकट, सावकाश. उन्हं वर आली की पक्षी लांब गेलेले असतात आणि साहेबही मनोऱ्यावर चढत नाहीत.

तीन वर्षं संपली की 'शाश्वतता' नावाचं प्रकरण लिहायचं असतं, म्हणजे तुम्ही गेल्यावर काय. त्यात लिहा की सर्व मालमत्ता स्थानिक समितीकडे हस्तांतरित केली. समितीचे अध्यक्ष कोण, ते सभेच्या हजेरीपटात बघून भरा. खात्री म्हणून शेवटचा एक फेरा मारलात तरी चालेल, प्रवासभत्ता शिल्लक असतोच. फलकांवरची अक्षरं उन्हानं गेलेली असतील, मशीन काठाला पाणवेलीतच रुतलेलं असेल. चार दुर्बिणींपैकी एक मात्र हमखास सापडेल, आबांच्या गळ्यात. म्हशी पाण्यात आणि आबा बांधावर, डोळ्याला दुर्बीण लावून बसलेले. काय बघताय विचारलंत तर सांगतील, बंधाऱ्याची दारं वर घेतली का ते बघतोय, पाणी आलं की मोटर चालू करायला पोराला फोन करायचाय.

अहवालात लिहा: स्थानिक समुदायाकडून दुर्बिणीचा नियमित वापर सुरू आहे.