मुंबईतली छपाई कोणी रुजवली?

मुंबईतल्या छपाईविषयीचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: छापखाना इथे मिशनऱ्यांनी आणला, पहिलं मराठी पुस्तकही त्यांनीच मुंबईत छापलं, आणि आपले लोक मात्र शाईत चरबी असते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या छापील कागदाला शिवले नाहीत. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो मजकूर पटकन पटतो. पण ज्या कारागिरांनी ही विद्या इथे रुजवली त्यांची नावं त्यात पुसली जातात, आणि ते मला खुपतं.

आधी ‘मिशनऱ्यांनी आणला’ हे. अमेरिकन मिशनने मुंबईत मराठी छपाई सुरू केली १८१७ मध्ये. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला होता. त्यांना जुने ब्राह्मणी ग्रंथ छापायचे होते. १६७४ मध्ये हेन्री हिल्स मुंबईत आला. त्याला छापता येत होतं, पण अक्षरांचे खिळे, म्हणजे छपाईसाठी लागणारे धातूचे ठसे, पाडता येत नव्हते. तेव्हा भीमजींनी आपल्याच माणसांकडून अक्षरं कोरून घ्यायचा खटाटोप केला. त्यातून एखादं पुस्तक निघालं असलं तरी ते आज हाती नाही, पण मागणी कोणाची होती हे स्पष्ट आहे. पुढे १७८० मध्ये रुस्तमजी केरसास्पजींनी इथे इंग्रजी कॅलेंडर छापलं आणि १८१२ मध्ये फर्दुनजी मर्झबानांनी गुजराती छापखाना घातला. ‘मुंबई समाचार’ त्यांनीच १८२२ मध्ये काढला. यांतला एकही मिशनरी नव्हे.

पहिल्या पुस्तकाचा मुद्दा लवकर आटोपतो. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांत १८०५ मध्ये छापलं गेलं, ते बंगालमध्ये, श्रीरामपूरला. केरी मिशनरी होते हे खरं, पण श्रीरामपूर म्हणजे मुंबई नव्हे. रोमन लिपी चालत असेल तर फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ आणखी मागे, १६१६ मध्ये, गोव्यात राचोलला छापलेलं आहे.

आता चरबी. शंका खरी होती. सोवळ्यातल्या घरांत छापील पोथी वर्ज्य मानत. पण या शंकेला तोड काढली ती मुंबईच्याच माणसाने. गणपत कृष्णाजी. मिशनच्या छापखान्यातलं काम पाहून त्यांनी लाकडी यंत्र स्वतः बनवलं, शिळाछापाला, म्हणजे दगडावर मजकूर उतरवून त्यावरून छापायच्या पद्धतीला, चालेल असा दगड शोधला, शाईचे प्रयोग केले. चरबीचा आक्षेप उरू नये म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं, असं सांगतात. १८३१ मध्ये त्यांनी छापलं काय, तर पंचांग! ज्या घरांत छापील कागदाचा विटाळ मानत, त्याच घरांना रोज लागणारी वस्तू. ही निवड मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामागे आपल्या गिऱ्हाइकाची पुरती ओळख होती. मिशनची मराठी छपाई सुरू झाल्यापासून हे पंचांग निघेपर्यंत गेली चौदा वर्षं. लगेच १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ हे वृत्तपत्र आलं. कुरबुर पुढेही राहिली, पण ‘पिढ्यान्‌पिढ्या’ हे धादांत खोटं.

मिशनच्या छापखान्याचं ऋण मोठं आहे, ते मी नाकारत नाही. तिथे टॉमस ग्रॅहॅमने देवनागरीचे सुबक ठसे कोरले. जावजी दादाजीही लहानपणी तिथेच कामाला लागले. पण त्यांनी १८६४ मध्ये स्वतःची टाइप फाउंड्री, म्हणजे खिळे ओतायचा कारखाना, काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी तिथे कोरलेल्या अक्षरांवर संस्कृतचे पंडित विश्वास टाकू लागले, आणि १८८६ पासून निर्णयसागरची ‘काव्यमाला’ जुनी संस्कृत काव्यं एकामागून एक छापू लागली.