आधी पाणी बघा, मग पाया

मागच्या खोलीच्या कोपऱ्यातली भेग मी दोनदा बुजवून घेतली. लांबी (पुट्टी), घासकाम, रंग, सगळं साग्रसंगीत. दोन्ही वेळा ती परत आली, आणि दुसऱ्यांदा येताना दारही चौकटीत अडकायला लागलं. म्हणजे दुखणं भिंतीचं नव्हतंच. कोपऱ्याखालची जमीन बसत होती आणि मी रंगाऱ्याला बोलावत होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

नंतर एकाने येऊन थेट पायल, म्हणजे पायाखाली जमिनीत खोल उतरवलेले खांब, टाकायला सांगितलं. पाच मिनिटांत, ओळंबाही न लावता. राग आला तो याचा.

घर थोडंफार बसतंच. सगळं सारखं बसलं तर फारसं बिघडत नाही, एकच कोपरा जास्त बसला की भिंत फाटते. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या रेघांनी झोप उडवून घेऊ नका. पण विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारी, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी भेग दिसली, तर बहुधा कोपरा खाली चाललाय. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने बारीक फुल्या मारा, अंतर मोजा, तारीख लिहा. काचेची पट्टी चिकटवण्याची जुनी रीत आहे, पण ती तुटली तर भेग हलली एवढंच कळतं, किती ते नाही. चिकणमाती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून मापं निदान वर्षभर तरी घ्यायला हवीत.

आमच्याकडे गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात जोत्याशी सुटत होता, आणि सांडपाण्याच्या चेंबरचा सांधाही गळका निघाला. असं पाणी भरावातली बारीक माती वाहून नेतं आणि खाली पोकळी राहते. घराजवळचं मोठं झाड मात्र घाईने तोडू नका. ते माती सुकवतं हे खरं, पण चिकणमातीत ते एकदम काढलं की माती परत पाणी धरते आणि घर उलट वर उचललं जातं.

पाणी वळवूनही माप वाढतच राहिलं, तर मग पायाखाली काम. तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरने माती तपासल्यावर. पायाखाली मीटर-सव्वा मीटरचे खड्डे घेऊन टप्प्याटप्प्याने काँक्रीट भरतात, शेजारचे दोन खड्डे एका वेळी कधीच उघडत नाहीत. नवं काँक्रीट आणि जुना पाया यांत थोडी फट ठेवून नंतर ती घट्ट, जेमतेम ओल्या मसाल्याने ठासतात, कारण काँक्रीट सुकताना आकसतं. ही ठासणी कच्ची राहिली की भिंत पुन्हा बसते. वरची जमीन भुसभुशीत असेल तर पायल खालच्या टणक थरापर्यंत न्यावे लागतात.

इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रल या जुन्या मोठ्या चर्चचा पाया सावरण्याचं काम वाचून तर मी थक्कच झालो. खाली पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची, मऊ माती, आणि खड्डा घेतला की पाणी भरायचं. ते तसंच उपसलं असतं तर पायाखालची मातीही सुटली असती. म्हणून विल्यम वॉकर हा पाणबुड्या 1906 ते 1911 गढूळ अंधारात हाताने चाचपत काँक्रीटच्या गोण्या रचत होता. तळ असा बंद झाल्यावरच पाणी उपसून गवंडी खाली उतरायचे. तिथेही आधी पाण्याचाच बंदोबस्त!

आमचा पाइप लांब वळवला, चेंबर दुरुस्त केलं. गेली तीन मापं सारखीच आली आहेत. लांबी अजून भरलेली नाही. येणारे-जाणारे भेगेकडे बघून विचारतात, मी फुल्या दाखवतो.