पोलंड १९३९ : घोडे दोन्हीकडे होते

नमस्कार. सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबवतो. १९३९मध्ये पोलंडवर चालून गेलेलं जर्मन सैन्यही बरंचसं घोड्यांवर अवलंबून होतं, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन. पहिला, १९३९ची जर्मन सेना संपूर्ण यांत्रिक होती. घोडे पोलंडकडे होते आणि ते तलवारी उपसून रणगाड्यांवर धावले. दुसरा, जर्मनही घोड्यांवरच असते तर पोलंड पाच आठवड्यांत पडलाच नसता.

पोलंडवर ५०हून जास्त जर्मन डिव्हिजन गेल्या. त्यांत चिलखती (म्हणजे रणगाड्यांच्या), 'हलक्या' (कमी रणगाड्यांच्या) आणि मोटारींवरच्या पायदळाच्या मिळून पंधराएक. बाकीचं जवळजवळ सगळं सैन्य पायी. पहिल्या फळीच्या एका पायदळ डिव्हिजनमध्ये माणसं १७,००० च्या घरात आणि घोडे सुमारे ५,०००. १०.५ सेंटिमीटरची हलकी हॉवित्झर तोफ ओढायला सहा घोडे जुंपत. दाणा-वैरण घोड्यामागे दहा किलो धरली, तरी एका डिव्हिजनला रोज ५० टन लागते, आणि तीही पुन्हा गाड्यांवरच लादून न्यायची.

मग ट्रक का नव्हते? रबर आणि पेट्रोल दोन्ही बाहेरून आणावं लागे. शिवाय ट्रकचे प्रकार ११४. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला बसत नाही, म्हणजे बिघडलेली गाडी रस्त्याच्या कडेला पडून. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मन सैन्यातले कर्नल शेल यांच्याकडे हे निस्तरायचं काम आलं. त्यांनी ११४चे १९ प्रकार ठरवले. ते कारखान्यांत नीट उतरायच्या आत युद्ध सुरू झालं.

जर्मन रणगाड्यांचं म्हणाल तर बहुतेक पँझर-१ आणि पँझर-२ हे हलके रणगाडे. पँझर-१ म्हणजे दोन मशिनगन आणि १३ मिलिमीटरचा पत्रा. १ सप्टेंबरला पोलंडमधल्या मोक्रा गावाजवळ जर्मनांच्या चौथ्या पँझर (चिलखती) डिव्हिजनला दिवसभर अडवून धरलं ते पोलिश घोडदळाच्याच ब्रिगेडने: घोड्यांवरून उतरून, ३७ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफा लावून, सोबत एक चिलखती आगगाडी. घोडा त्यांचं वाहन होता, हत्यार नव्हे. तलवारींची गोष्ट त्याच दिवशीची, क्रोयांती या पोलिश गावाजवळची. तिथे पोलिश स्वारांनी हल्ला केला तो जर्मन पायदळावर. नंतर आलेल्या चिलखती गाड्यांनी त्यांना मशिनगनने टिपलं. पुढे त्याचं 'रणगाड्यांवर तलवारी' झालं, आणि त्या माणसांवर हा अन्याय अजून चालू आहे.

आता दुसरा आक्षेप. एक गोष्ट तुमची बरोबर आहे: होते तेवढे रणगाडे जर्मनांनी वाटून टाकले नाहीत, एकवटून वापरले, आणि जवळजवळ प्रत्येकात निदान रेडिओ-रिसीव्हर होता. पण निकाल बराचसा नकाशावरच ठरला होता. उत्तरेला पूर्व प्रशिया (जर्मनीचाच तुटक भाग), पश्चिमेला खुद्द जर्मनी, दक्षिणेला जर्मनीच्या बाजूचा स्लोव्हाकिया. तीन बाजूंच्या या लांबलचक सीमेवर पोलिश सैन्य पातळ पसरलेलं.

त्यात पोलंडच्या सैन्यभरतीचा, म्हणजे राखीव सैनिकांना बोलावण्याचा घोळ. २९ ऑगस्टला सार्वत्रिक भरतीचा हुकूम निघाला, भिंतींवर पत्रकं लागली, आणि ब्रिटिश-फ्रेंच राजदूतांच्या दबावाखाली तो मागे घेतला गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. भरतीचा पहिला दिवस ठरला ३१ ऑगस्ट. १ सप्टेंबरला पहाटे हल्ला झाला तेव्हा कितीतरी राखीव सैनिक अजून वाटेतच होते, आणि त्याच रेल्वेमार्गांवर बॉम्ब पडत होते. १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य घुसलं. तरी कोत्स्क या गावी पोलिश जनरल क्लेबेर्ग यांची तुकडी ५ ऑक्टोबरपर्यंत लढत होती. ६ तारखेला शस्त्रं खाली ठेवली, तेव्हा दारूगोळा संपत आला होता.